नऊ हजार वर्षांचा भाडेपट्टा : आर्थर गिनेस



वाणिज्य शाखेच्या मुलांना ‘लीज’ शिकवायला घेतलं की पहिल्याच तासाला एक अडचण येते. मुलांच्या डोक्यात भाडं म्हणजे खर्च, एवढंच पक्कं बसलेलं असतं. दर महिन्याला पैसे दिले, भाडे खाते नावे, रोख खाते जमा, झालं काम! मग आपण सांगतो की भाडेपट्टा हा ताळेबंदात मालमत्ता म्हणूनही दिसतो आणि देणं म्हणूनही दिसतो. वर्ग आपल्याकडे असा बघतो की जणू आपलंच काहीतरी चुकलंय.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, भाड्याच्या गाळ्यात. करार अकरा महिन्यांचा, दरवेळी नव्याने करायचा. वडिलांनी मशीनसाठी पक्का ओटा बांधला, थ्री-फेज लाईन घेतली, वर पत्रे नवे टाकले. तिसऱ्या करारानंतर मालकाने नूतनीकरण करायला नकार दिला. ओटा काही उचलून नेता येत नाही. त्या मुलाने मला विचारलं, मॅडम, आमच्याकडे नक्की काय होतं? गाळा आमचा नव्हता, पण आम्ही तर तिथं कमावत होतो. तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. आज ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहे, त्याचं चरित्र मी त्या प्रश्नानंतर वाचलं.

हा माणूस म्हणजे आयर्लंडचा आर्थर गिनेस. नाव ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील, कारण त्याचा धंदा बिअरचा. वर्गात मी ‘कारखाना’ एवढंच म्हणते आणि पुढे जाते. तुम्हीही तसंच करा. आपल्याला हवा आहे तो त्याचा करार.

आर्थरचा जन्म १७२४-२५ च्या सुमाराचा. आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यात सेलब्रिज नावाचं गाव आहे, तिथला हा मुलगा. वडील रिचर्ड हे आर्थर प्राइस नावाच्या धर्मगुरूच्या इस्टेटीचे कारभारी होते. हे प्राइस पुढे कॅशलचे आर्चबिशप झाले. त्यांच्याच नावावरून मुलाचं नाव आर्थर ठेवलं, असं मानतात. कारभाऱ्याचं घर म्हणजे कुळं, खंड, मुदती, थकबाकी यांच्याच गप्पा. जमीन दुसऱ्याची, पण तिचा हिशोब आपल्या हातात, हे वातावरण आर्थरने लहानपणापासून पाहिलं असणार.

१७५२ साली आर्चबिशप प्राइस वारले. मृत्युपत्रात त्यांनी रिचर्डला १०० पौंड आणि आर्थरलाही १०० पौंड ठेवले होते. त्या काळी साध्या माणसाला ही रक्कम जमवायला वर्षानुवर्षं लागली असती. वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं, सावत्र आईची सेलब्रिजमध्ये एक खानावळवजा सराई होती. आर्थर तिथे काही काळ काम करत होता. मग १७५५ मध्ये त्याने जवळच्या लेक्सलिप गावात एक छोटा बिअरचा कारखाना भाडेपट्ट्याने घेतला. लक्षात घ्या, विकत घेतला नाही. हातात थोडं भांडवल असेल तर ते विटा-मातीत अडकवायचं की धंदा चालवायला ठेवायचं, हा प्रश्न आजही प्रत्येक लहान व्यावसायिकाला पडतो. आर्थरने तो असा सोडवला.

चार वर्षांनी तो डब्लिनला आला आणि लेक्सलिपचा कारखाना धाकट्या भावाकडे सोपवला. शहराच्या पश्चिम टोकाला सेंट जेम्सेस गेट नावाच्या जागी एक कारखाना बरीच वर्षं बंद पडून होता. मालक मार्क रेन्सफर्ड. जागा साधारण चार एकर. आत तांब्याची मोठी भांडी, धान्य दळायची चक्की, माल्ट तयार करायच्या दोन इमारती, बारा घोड्यांचा तबेला, वर गवत साठवायचा माळा. गिऱ्हाईक कोणी फिरकत नव्हतं. अशा पडीक जागेच्या मालकाला कोणी नियमित पैसे देणारा भेटला तर तो काय म्हणेल? तो मुदतीवरून घासाघीस करत बसणार नाही!

३१ डिसेंबर १७५९ रोजी करार झाला. सुरुवातीला १०० पौंड रोख, नंतर दरवर्षी ४५ पौंड भाडं. आणि मुदत? नऊ हजार वर्षं. होय, ९०००. छपाईची चूक नाही.

इथे वर्गात हशा पिकतो. पिकू द्या. मग मुलांना विचारा, नऊ हजार कशाला? नव्व्याण्णव का नाही? इतक्या लांबच्या मुदतीचा अर्थ एकच : जागा जवळपास कायमची आपली, फक्त कागदावर मालकी दुसऱ्याची. भाडं मात्र कायमचं बांधलेलं. धंदा दसपट वाढला तरी ४५ पौंडच.

पण याची दुसरी बाजू बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. आयर्लंडमध्ये त्या काळी सगळ्यांना असा पट्टा मिळत नव्हता. १७०४ च्या कायद्याने कॅथलिक माणसाला जमीन विकत घ्यायला बंदी होती आणि भाडेपट्टासुद्धा ३१ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा घेता येत नव्हता. त्यातही भाडं जमिनीच्या वार्षिक उत्पन्नमूल्याच्या निदान दोन-तृतीयांश असायला हवं, अशी अट. म्हणजे कष्ट करून जमीन सुधारली, उत्पन्न वाढलं, तर जुनं भाडं कायद्याच्या दृष्टीने कमी ठरायचं आणि पट्टाच धोक्यात यायचा. देशातली बहुसंख्य जनता कॅथलिक. मग कोण ओटा बांधणार, कोण चर खणणार, कोण झाडं लावणार? आर्थर प्रॉटेस्टंट होता, म्हणून त्याच्या हातात नऊ हजार वर्षं आली. त्याच शहरातला, तितकाच हुशार, तितकाच कष्टाळू कॅथलिक माणूस ३१ वर्षांवर अडला असता. ही बंधनं १७७८ नंतर सैल होत गेली. आर्थर पुढे कॅथलिकांच्या हक्कांच्या बाजूने उभा राहिला, ही त्याच्या जमेची बाजू. पण सवलत त्याला मिळाली होती हे लपवून त्याचं चरित्र सांगू नये, असं मला वाटतं.

आता थोडा हिशोब करू. खडू घ्या आणि फळ्यावर मांडा.

४५ पौंड गुणिले ९००० वर्षं म्हणजे ४,०५,००० पौंड. मुलं म्हणतील, बापरे, एवढं देणं! पण आज द्यायचा पौंड आणि शंभर वर्षांनी द्यायचा पौंड सारखे नसतात. आजचा पैसा व्याजाने वाढतो. समजा व्याजदर ५ टक्के धरला (हा दर मी उदाहरणासाठी घेतला आहे), तर शंभराव्या वर्षी द्यायच्या ४५ पौंडांची आजची किंमत साधारण ०.३४ पौंड येते. त्या काळी पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे जेमतेम ७ शिलिंग. यालाच आपण वर्तमान मूल्य म्हणतो. पहिल्या ५० वर्षांच्या भाड्याचं वर्तमान मूल्य साधारण ८२२ पौंड. पहिल्या १०० वर्षांचं ८९३ पौंड. आणि सगळ्या ९००० वर्षांचं? फक्त ९०० पौंड. शंभराव्या वर्षानंतरची ८९०० वर्षं मिळून सात पौंडांच्याही आत!

हे आकडे मुलांकडून कॅल्क्युलेटरवर करून घ्या, नुसते सांगू नका. वर्तमान मूल्य ही कल्पना मी इतर कुठल्याही उदाहरणाने इतक्या पटकन पोचवू शकलेले नाही.

आता आजच्या नियमाने नोंद कशी होईल ते पाहू. आयएफआरएस १६ हे आंतरराष्ट्रीय मानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झालं आणि आपल्याकडे इंड एएस ११६ हे १ एप्रिल २०१९ पासून. त्याआधी भाडेपट्ट्याचे दोन प्रकार पाडत : फायनान्स लीज आणि ऑपरेटिंग लीज. मालमत्तेतले जवळपास सगळे धोके आणि फायदे भाडेकरूकडे गेले तर फायनान्स लीज, म्हणजे उधारीवर खरेदी केल्यासारखंच. तसं नसेल तर ऑपरेटिंग लीज, आणि त्यात भाडं फक्त खर्चात दाखवायचं. गोम अशी की कंपन्या करार अशा बेताने लिहायच्या की तो ऑपरेटिंगमध्ये बसावा. विमानं, दुकानं, जहाजं वापरायची, पुढच्या दहा वर्षांचं भाडं देण्याची बांधिलकी पण घ्यायची, आणि ताळेबंदात मात्र ते देणं दिसायचं नाही. टीपांमध्ये कुठेतरी आकडा असायचा, पण टीपा वाचतो कोण?

नव्या मानकाने भाडेकरूपुरता हा भेद काढून टाकला. आता भाडेकरूने दोन गोष्टी दाखवायच्या. एक, वापरण्याचा हक्क ही मालमत्ता, जिला राइट-ऑफ-यूज अ‍ॅसेट म्हणतात. दुसरी, पुढे द्यायच्या भाड्याचं वर्तमान मूल्य हे देणं. लक्षात ठेवा, इमारत मालमत्ता म्हणून दाखवत नाहीत, इमारत *वापरण्याचा हक्क* दाखवतात. जागामालकाच्या पुस्तकात मात्र फायनान्स आणि ऑपरेटिंग हा भेद अजून आहे. मुलं इथे हमखास गोंधळतात.

आर्थरच्या बाबतीत देणं ९०० पौंड. सुरुवातीचे रोख १०० मिळवले की वापरहक्काची मालमत्ता १००० पौंड. पहिल्या वर्षाचं व्याज ९०० वर ५ टक्क्यांनी ४५ पौंड. भाडं दिलं ४५ पौंड. देणं किती उरलं? ९०० च! दुसऱ्या वर्षीही ९००. देणं हलतच नाही, कारण भाडं फक्त व्याजच फेडतंय. आणि घसारा? १००० भागिले ९०००, म्हणजे वर्षाला दोन शिलिंगांपेक्षा थोडा जास्त. (खरं तर चक्की, भांडी, इमारती यांचं आयुष्य कमी, त्यांचा वाटा वेगळा काढावा लागेल. पण पहिल्या तासाला एवढ्या खोलात शिरू नका.) अर्थात १७५९ साली असा काही नियम नव्हता, आपण आजचा चष्मा त्याच्या वहीवर लावून बघतोय.

हे टोकाचं उदाहरण झालं. लगेच साधं उदाहरणही द्या, नाहीतर मुलांना वाटेल की देणं कधी कमी होतच नाही. तीन वर्षांचा करार, वर्षअखेर १,००,००० रुपये भाडं, दर १० टक्के. वर्तमान मूल्य २,४८,६८५ रुपये. पहिल्या वर्षी व्याज २४,८६९, म्हणजे भाड्यातले ७५,१३१ मुद्दलात गेले आणि देणं उरलं १,७३,५५४. घसारा दरवर्षी ८२,८९५. पहिल्या वर्षी एकूण खर्च १,०७,७६४ आणि तिसऱ्या वर्षी ९१,९८६. तीन वर्षांची बेरीज केली की बरोबर ३,००,००० च येते. भाडं तेवढंच, पण खर्च आधी जास्त, नंतर कमी. हा मुद्दा मुलांना नीट दाखवा.

आता आर्थरकडे परत जाऊ, कारण त्याची खरी कसोटी पुढेच आहे.

१७६१ मध्ये त्याने ऑलिव्हिया व्हिटमोरशी लग्न केलं. त्यांना एकवीस मुलं झाली असं सांगतात, त्यातली दहा जगली आणि मोठी झाली. त्या काळचं बालमृत्यूचं प्रमाण लक्षात आणून द्यायला हा एक आकडा पुरेसा आहे. धंद्यात त्याचं बस्तान बसलं. डब्लिनच्या बिअर उत्पादकांच्या संघटनेत तो पुढारी झाला.

मग पाण्याचं भांडण निघालं. कारखान्याला पाणी भरपूर लागायचं. ते शहराच्या पाण्याच्या पाटातून यायचं. आर्थरचं म्हणणं असं की माझ्या पट्ट्यातच पाण्याचा हक्क आहे, वेगळे पैसे द्यायचा प्रश्न नाही. डब्लिन महापालिकेचं म्हणणं, तू ठरल्यापेक्षा जास्त पाणी ओढतोस आणि पाटात फेरफार केलेस. १७७५ मध्ये पाट बुजवायला माणसं आली. आर्थर कुदळ घेऊन आडवा उभा राहिला आणि कामगारांच्या हातून काम होऊ दिलं नाही. चांगला पन्नाशीचा, प्रतिष्ठित माणूस! भांडण कोर्टकचेरीत गेलं, वर्षानुवर्षं चाललं. शेवटी १७८४ मध्ये तडजोड झाली. पाण्यासाठी वर्षाला १० पौंड द्यायचं त्याने मान्य केलं.

कुदळीचा प्रसंग लोक त्याच्या बाणेदारपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला तो जरा वेगळा दिसतो. पाणी शहराचं होतं, फक्त त्याचं नव्हतं, आणि महापालिकेचं म्हणणं अगदीच पोकळ असेल असं मला वाटत नाही. शिकवायचा मुद्दा मात्र यातच आहे. भाडेपट्ट्यात *काय* वापरायचा हक्क मिळाला? जागा? जागेसोबत पाणी? किती? मुदत नऊ हजार वर्षांची, पण पाण्यावरून पंचवीस वर्षांच्या आतच भांडण. करार वाचताना मुलं मुदत आणि भाडं बघतात, तिसरी ओळ कोणी बघत नाही. आजच्या मानकातसुद्धा पहिला प्रश्न हाच असतो : करारात ओळखता येईल अशी ठरावीक मालमत्ता आहे का, आणि तिच्या वापरावर ताबा कोणाचा? सामायिक पाटातलं पाणी पुरवणं ही सेवा असू शकते, आणि सेवेचे पैसे भाडेपट्ट्यात धरत नाहीत. सोसायटीतला गाळा घेताना भाडं वेगळं आणि मेंटेनन्स वेगळा, तसंच हे.

पुढच्या काळात आर्थरला आणखी एक लढाई लढावी लागली, करांची. लंडनहून येणाऱ्या गडद रंगाच्या ‘पोर्टर’ बिअरपुढे आयरिश कारखानदार मागे पडत होते, कारण आयरिश मालावर करांचा बोजा जास्त होता. त्याने आयरिश संसदेकडे सतत पाठपुरावा केला. १७९५ मध्ये तिथला बिअरवरचा अबकारी कर रद्द झाला. तोवर तो स्वतःही पोर्टर बनवायला लागला होता आणि १७९९ मध्ये जुन्या प्रकारची ‘एल’ बनवणं त्याने पूर्ण थांबवलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने चाळीस वर्षं चाललेला माल बंद करून नव्यावर सगळं लावलं. जागेची चिंता नसलेला माणूसच असं करू शकतो, असं मला राहून राहून वाटतं. दर पाच वर्षांनी करार संपणार असता तर त्याने एवढी मोठी भांडी, नवी गोदामं उभी केली असती का?

आपल्या शिक्षकांसाठी एक गोष्ट : १७८६ मध्ये डब्लिनमध्ये रविवारची शाळा सुरू झाली, आठवडाभर कामात जुंपलेल्या मुलांना अक्षरओळख आणि धर्मशिक्षण देणारी. ती सुरू करणाऱ्यांत आर्थरचं नाव घेतात.

२३ जानेवारी १८०३ रोजी तो वारला. वय ७८. किल्डेअरमधल्या आउटरार्ड इथे त्याला पुरलं. कारखाना मुलाकडे, दुसऱ्या आर्थरकडे गेला. १८८६ मध्ये कंपनीचे समभाग लंडनच्या शेअर बाजारात आले.

आता त्या गिरणीवाल्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. त्याच्या वडिलांकडे काय होतं? त्यांचा करार ‘लीव्ह अँड लायसन्स’ होता. लायसन्स म्हणजे नुसती वापरायची परवानगी, जागेत हक्क निर्माण होत नाही. भाडेपट्ट्यात तो होतो. अकरा महिन्यांची पद्धत पडली ती नोंदणी कायद्यामुळे, कारण एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं. पण पालकहो, एक गैरसमज दूर करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करारही लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. तो नोंदवायची जबाबदारी जागामालकाची.

हिशोबाच्या बाजूनेही हे उदाहरण कामाचं आहे. बारा महिने किंवा कमी मुदतीच्या पट्ट्याला इंड एएस ११६ मध्ये सूट आहे, तिथे भाडं सरळ खर्चात दाखवता येतं. पण मुदत नुसत्या कागदावरून ठरत नाही. मुदत वाढवण्याचा हक्क भाडेकरूकडे असेल आणि तो ती वाढवणारच हे जवळपास नक्की असेल, तर वाढीव काळही धरायचा. आणि भाडेकरूने तिथे किती पैसा ओतलाय, हे ते ठरवताना बघतात. म्हणजे ओटा मोजला जातो! पण आपल्या गिरणीवाल्यांच्या करारात वाढवण्याचा हक्कच नव्हता, सगळं मालकाच्या मर्जीवर. (इतक्या लहान धंद्याला इंड एएस लागू होत नाही हेही सांगून टाका. लहान कंपन्यांसाठी अजून जुनं एएस १९ आहे, आणि ते नुसत्या जमिनीच्या पट्ट्यांना लागू नाही.)

तो मुलगा आता वडिलांचा धंदा बघतो. नव्या जागेचा करार त्याने स्वतः वाचला आणि पाच वर्षांची मुदत, वाढवण्याचं कलम आणि वीजजोडणी कोणाच्या नावावर हे तिन्ही लिहून घेतलं. मला फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा दुसऱ्या कलमातली तारीख चुकली होती, ती आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त केली.

हा धडा घेतला की वर्गात शेवटी एक प्रश्न येतोच : मॅडम, मुदत १०७५९ साली संपेल, मग कारखाना खाली करणार का? उत्तर तयार ठेवा. कंपनीने पुढे ती जागा विकत घेतली, आजूबाजूची जमीनही घेतली, चार एकरांचे पन्नासाहून जास्त झाले. त्यामुळे तो पट्टा आता चालू नाही. त्या पट्ट्याचा कागद डब्लिनच्या त्याच आवारात, गिनेस स्टोअरहाऊसच्या तळमजल्यावर, जमिनीत बसवलेल्या काचेखाली ठेवलेला आहे.